मशीन बसवणारा चोर

प्रिय टिल्लू,

कोठडीतल्या माणसाला पत्रात 'कसा आहेस' असं विचारतात की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारणार नाही. तू कसा आहेस ते वकीलबाईंकडून मला कळतच असतं. जेवतोस, कोणाशी भांडत नाहीस, उपचार केंद्रातल्या सिस्टर सकाळी औषध घेऊन येतात ते मुकाट्याने गिळतोस, आणि मुद्द्याचं काही विचारलं की भिंतीकडे बघत बसतोस. खरं तर मी कशी आहे ते तू विचारायला हवंस. मी वैतागले आहे. इतकी, की काल दुकानात एका गिऱ्हाइकाची डावी काच उजव्या बाजूला बसवली आणि वर त्यालाच म्हणाले, नीट बघा ना जरा. बिचारा माणूस चष्मा घालून भेलकांडत दारापर्यंत गेला आणि परत आला. मालकांनी मला आत जाऊन चहा प्यायला सांगितलं. चहा पिऊनही माझा वैताग गेला नाही, म्हणून आता हे लिहायला बसले आहे. वकीलबाई पत्र स्वतः तुझ्या हातात देणार आहेत. भिंतीकडे बघायच्या आधी एवढं वाच.

त्या गुरुवारी दुपारी काय झालं ते तुला माहीत आहेच, तरी मी सगळं पहिल्यापासून लिहिणार आहे. कारण तू पोलिसांना जे सांगितलंस त्याचा आणि जे घडलं त्याचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. मावशी गुरुवारी दुपारी रक्तदाब तपासायला दवाखान्यात जाते, हे आपल्या सगळ्या घराला पाठ आहे. तू लाँड्रीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतलीस, एका शिलाई मशीनचं वरचं लोखंडी डोकं पोत्यात घातलंस, ते खांद्यावर टाकून मावशीच्या घराच्या मागे गेलास, स्क्रू-ड्रायव्हरने खिडकीची कडी उचकटलीस आणि पोत्यासकट आत उतरलास. ते धूड घेऊन तू खिडकीतून शिरलास कसा, हा प्रश्न तुझ्या भावोजींना केसपेक्षाही जास्त छळतोय. दोन वेळा मोजमाप करायला जाऊन आले ते.

बरं, शिरलास तर शिरलास. डोकं मावशीच्या मशीनच्या रिकाम्या टेबलावर ठेवून आल्या वाटेने निघून गेला असतास, तर कोणाला पत्ता लागला नसता. पण नाही. टेबलाच्या फळीवर मावशीने रचलेली वर्तमानपत्रं तू उचलून खुर्चीवर नीट ठेवलीस, खालचं कापड घडी करून बाजूला ठेवलंस, डोकं खाचेत बसवलंस, स्क्रू आवळलेस, चाकाला पट्टा चढवलास, तेल घातलंस, दोरा ओवलास आणि स्टुलावर बसून खिशातल्या रुमालावर शिवण घालून बघितलीस. ट्रायल! मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. समोर राहते ती बाई, जिला आपण लहानपणापासून दुर्बीण म्हणतो, तिने मावशीला बाहेर जाताना बघितलं होतं. आणि आता त्याच बंद घरातून मशीन चालल्याचा आवाज येत होता. गेली दोन वर्षं त्या घरातून मशीनचा आवाज आलेला नव्हता. तिने पोलिसांना फोन केला. पोलीस आले तेव्हा तू पायडल मारत होतास.

इथपर्यंतसुद्धा सगळं सावरता आलं असतं, टिल्लू. कोणता चोर दुसऱ्याच्या घरात शिरून शिवायला बसतो? पोलिसांनाही तेच कोडं पडलं होतं म्हणे. हवालदाराने तुला चक्क नीट विचारलं, काय करतोयस बाबा. आणि तू काय म्हणालास? मशीन चोरीचं आहे, इथे लपवायला आणलं. संपलं. त्यांचं काम तूच उरकून टाकलंस. मग खिशात केंद्राचं ओळखपत्र सापडलं, ते कुठल्या औषधासाठी आहे हे कळलं, आणि पुढे कोणी काही विचारायच्या फंदातच पडलं नाही. नशेडी, औषध चालू आहे, घर फोडलं, कबुली दिली. ज्या जुन्या सामानवाल्याकडून तू तुझ्या पगारातून ते मशीन विकत घेतलंस, त्याच्याकडे वकीलबाई दोनदा जाऊन आल्या. त्याने सरळ हात वर केले. मी कोणाला ओळखत नाही, कोणाला काही विकलं नाही, आणि पोलिसांच्या भानगडीत मला ओढू नका.

तू विकत घेतलंस हे मला कसं माहीत, असं तुला वाटत असेल. मी तुझी बहीण आहे, आणि तू काही लपवण्यात कधीच हुशार नव्हतास. आदल्या आठवड्यात भावोजींना विचारत होतास, शिलाई मशीनला कुठलं तेल चालतं, आणि मशीन जुनं असेल तर बिजागरीचे स्क्रू कुठे मिळतात. भावोजींना वाटलं लाँड्रीचं काही काम असेल. त्यांची तेलाची बाटली तुझ्या खिशात निघाली. आणि वकीलबाईंनी मला सांगितलं, की त्यांनी नुसतं मावशीचं नाव घेतलं तेव्हा तू हुंदके देऊन रडलास. लपवायला आणलेल्या मशीनसाठी कोणी असं रडत नाही.

आता त्या वर्षाबद्दल लिहायला नको वाटतं, पण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. तुझं ते वाईट वर्ष. कारखान्यात पाठ धरली, डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या, दुखणं गेलं आणि गोळ्या राहिल्या. मग गोळ्या पुरेनात. माझ्या घरातून मिक्सर गेला, भावोजींचं घड्याळ गेलं, आईच्या बांगड्या गेल्या. आम्ही गप्प बसलो नाही, हे तुला आठवत असेल. मी तर जिन्यात उभी राहून अशी ओरडले होते, की वरच्या मजल्यावरच्यांनी दारं लावून घेतली. एकट्या मावशीने कधी चकार शब्द काढला नाही. एक दिवस आई तिच्याकडे गेली तर मशीनचा नुसता लोखंडी सांगाडा आणि वर फळी, डोकं गायब. मावशी म्हणाली, विकलं. डोळे गेले माझे, आता सुईत दोरा जात नाही.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते, हे मावशी विसरली असावी. मी तिला ओढून दुकानात आणलं आणि नंबर काढला. वाचायचा चष्मा होता तोच, नंबर तसूभरही बदललेला नव्हता. मी मुद्दाम कोटाचं बटण तुटल्याचं सोंग करून सुई-दोरा तिच्या पुढ्यात ठेवला. एका झटक्यात ओवला तिने. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, आज उजेड चांगला आहे. जिने आयुष्यभर शिवण्याशिवाय दुसरं काही केलं नाही, ती बाई दोन वर्षं हाताची घडी घालून बसली. गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. विचारलं की डोळे. आणि तिने मागच्या खिडकीची कडी नवी बसवून घेतली होती, हे माझ्या लक्षात आता आलं. मशीन विकलेली बाई खिडकीची कडी कशाला बदलेल?

तिने तुझं टिल्लू हे नाव ठेवलं तेव्हा तू खरोखर टिल्लू होतास. ती शिवायची तेव्हा तू टेबलाखाली बसून हाताने पायडल दाबायचास आणि ती वरून ओरडायची, हळू रे, माझी बाही चालली कॉलरकडे. शाळेची पँट शिवताना ती खाली चार बोटं कापड दुमडून ठेवायची. तू एका वर्षात असा काही ताडमाड वाढलास की दर सुट्टीत ती दुमड उसवावी लागायची, आणि तुझ्या पँटवर जुन्या दुमडीच्या रेघा दिसायच्या. तुला त्यांची लाज वाटायची. मला मात्र त्या बघायला आवडायच्या. मी काही तशी वाढले नाही.

मग केंद्र सुरू झालं. सुरुवातीला माझा विश्वास नव्हता, हे मी कबूल करते. एका नशेवर दुसरं औषध, हे कसले उपचार म्हणायचे, असं मी केंद्रातल्या डॉक्टरांच्या तोंडावर म्हणाले होते. डॉक्टर शांतपणे म्हणाले, तुमच्या घरातून वस्तू जायच्या थांबतात का, तेवढं बघा. थांबल्या. रोज सकाळी कामाआधी तू केंद्राच्या औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभा राहायचास, कागदी कपातलं सरबतासारखं औषध सिस्टरसमोर प्यायचास, आणि खरंच गिळलं का ते कळावं म्हणून त्या तुला काहीतरी बोलायला लावायच्या. इतर लोक आपलं नाव सांगतात. तू भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्यावरच्या सूचना वाचून दाखवायचास. सिस्टर म्हणतात, आता केंद्राला आग लागली तर मला काही बघायला नको. आईने कपाटाला कुलूप लावणं कधी सोडलं ते कोणाला कळलंही नाही. लाँड्रीत तू हॉटेलच्या चादरी अशा इस्त्री करायला लागलास, की भावोजी आपले शर्ट गुपचूप तुझ्याकडे पाठवायला लागले. मला तुझा अभिमान वाटत होता. तोंडावर बोलले नाही, आता लिहिते आहे, आणि तेही कोठडीच्या पत्त्यावर. याचासुद्धा मला रागच येतोय.

आणि मग केंद्रातल्या समुपदेशकांनी तुम्हा सगळ्यांना सांगितलं, ज्यांचं नुकसान केलंत त्यांच्याकडे जा. किती सरळ वाक्य आहे. जा, म्हणजे दारापर्यंत चालत जा, बेल वाजव, बाई दार उघडेल, सांग. तू त्यातला 'जा' एवढाच शब्द उचललास आणि दोन वर्षांपूर्वी मशीन न्यायला ज्या वाटेने शिरला होतास त्याच वाटेने गेलास! तुला कडी उचकटायची भीती वाटली नाही, आणि बेल वाजवायची वाटली. तुला पोलिसांसमोर चोर म्हणवून घ्यायला काही वाटलं नाही, पण मावशीसमोर 'चुकलो' म्हणायला जीव गेला. कारण परत करायला आलो असं म्हटलं, की पुढचा प्रश्न येणारच, परत म्हणजे काय, आधी कोणी नेलं होतं? तो प्रश्न चुकवण्यासाठी तू एक नसलेली चोरी अंगावर घेतलीस. याला मी काय म्हणू? बावळटपणा म्हणायला गेले तर डोळ्यांत पाणी येतं, आणि चांगुलपणा म्हणायला गेले तर हात शिवशिवतात.

याची किंमत तू एकटा भरणार असतास तर मी एवढी चिडले नसते. डॉक्टर स्वतः चौकीत आले होते, हे तुला कोणी सांगितलं का? रांगेतल्या पेशंटना खोलीत थांबवून आले. साहेबांना समजावत होते, की औषध चालू असलेली माणसं गुन्हे करायची थांबतात, हे आम्ही रोज बघतो, हा मुलगा तर वर्षभर एक दिवस चुकला नाही. साहेबांनी तुझी कबुली त्यांच्यासमोर सरकवली आणि विचारलं, मग हे काय आहे? याचं उत्तर तुझ्याकडे होतं, आणि तू आत भिंतीकडे बघत होतास. त्या दिवसापासून एक शिपाई केंद्राच्या दाराशी उभा असतो. औषध घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडून बघतो. तुझ्यापुढे रांगेत उभा असायचा तो रंगारी, त्याला ब्रशच्या पिशवीसकट तासभर बसवून ठेवलं. कामावर उशीर झाला आणि काम गेलं. त्याने केंद्रात येणंच सोडलंय. सिस्टर म्हणाल्या, तो आता परत कुठे जाईल ते मला माहीत आहे. तुझ्या एका खोट्यापायी, टिल्लू.

आणि केंद्राचा नियम तू सही करून मान्य केलेला आहेस. उपचार चालू असताना नवी चोरी केली तर नाव कमी. डॉक्टरांनी सोमवारच्या सुनावणीपर्यंत कसंबसं थांबवून धरलंय. सोमवारी तू न्यायाधीशांपुढे पुन्हा तेच बोललास, तर सिस्टर मंगळवारपासून येणार नाहीत. औषध एकदम बंद झाल्यावर काय होतं, ते तू मला एकदा सांगितलं होतंस. त्या रात्री मी झोपले नव्हते. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला मी म्हटलंय, सोमवारी सगळं मिटेल, आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

वकीलबाई म्हणाल्या, दोनच माणसं यातून वाट काढू शकतात, तू किंवा मावशी. तू तर तोंडाला कुलूप लावून बसलास. म्हणून मी मावशीकडे गेले. रोज गेले. मी म्हणायची, मावशी, मशीन चोरीला गेलं होतं असं फक्त खरं सांग. ती म्हणायची, विकलं होतं. कोणाला? आला होता एक माणूस. कसा दिसायचा? माणसासारखा. मी म्हटलं, अगं, तू त्याला वाचवायला खोटं बोलतेस आणि तो तुला तोंड दाखवायला नको म्हणून खोटं बोलतोय, आणि तुमच्या दोघांच्या खोट्याने मिळून त्याला आत डांबलंय! तुझं मशीन चोरीला गेलंच नाही, तर तो परत काय करणार? ती म्हणाली, माझ्या बहिणीच्या मुलाला मी माझ्या तोंडाने चोर म्हणणार नाही, आणि चहा ठेवायला उठली. मी चहा न पिता निघून आले. दाराबाहेर मला रडू आलं, आणि समोरून दुर्बीण बघत होती म्हणून मी तिच्यावरही ओरडले. तिने खिडकी लावून घेतली.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. कारण उद्या तुला कोणीतरी येऊन सांगेल, की तुझ्या मावशीने तुझ्यावर चोरीची फिर्याद दिली आहे. ते खरं आहे. काल ती एकटी चौकीत गेली, मला न सांगता. चष्मा लावला होता, चांगली साडी नेसली होती. साहेबांना म्हणाली, दोन वर्षांपूर्वी माझं शिलाई मशीन चोरीला गेलं, नेणारा माझ्या बहिणीचा मुलगा, तो खिडकीतून उतरताना मी शेजारच्या खोलीतून बघितला होता, लिहून घ्या. साहेबांनी तिला जप्त केलेलं मशीन दाखवलं. तिने चाक फिरवून बघितलं आणि म्हणाली, हे माझं नाही, माझ्या जुन्यापेक्षा बरं आहे. मग साहेबांनी विचारलं, दोन वर्षं का थांबलात? ती म्हणाली, तो आणून देईल म्हणून थांबले होते, दिलं, आता लिहा. वकीलबाई म्हणतात, घरातल्या घरातली जुनी चोरी फिर्यादीच मिटवायला तयार असेल तर न्यायाधीश मिटवू देतात, आणि ती उपचाराच्या आधीची, म्हणून केंद्राचा नियमही तिला लागत नाही. पण तू ती कबूल केलीस तरच, कारण तेव्हाच हे मशीन चोरीचं नसून भरपाईचं होतं हे त्यांना पटेल आणि नवी चोरी उरणार नाही. नाहीतर मावशी खोटी ठरेल आणि तू आतच राहशील. दोन वर्षं जो शब्द तिने तोंडातून काढला नाही, तो ती परक्या माणसांसमोर बोलून आली आहे. सोमवारी ती पहिल्या बाकावर बसणार आहे. न्यायाधीश विचारतील, मावशीचं मशीन तू नेलं होतंस का? तेव्हा भिंतीकडे बघू नकोस. तिच्याकडे बघ, आणि हो म्हण.

तुझ्यावर संतापलेली, तरी तुझीच,
ताई